वाऱ्याने वाटलेले हिम

आपल्या मराठीत 'हिम' आणि 'बर्फ' असे दोन वेगळे शब्द आहेत. पण बोलताना आपण त्यांत फारसा भेद करीत नाही. ते स्वाभाविकही आहे. ज्या मुलखात दोन्ही क्वचितच दृष्टीस पडतात, तेथे त्यांच्या भेदाची चिंता कोणी करावी? परंतु आजचा विषय समजून घ्यावयाचा तर हा भेद प्रारंभीच मनाशी पक्का करावयास हवा. आकाशातून भुरभुरत खाली येते ते हिम, आणि पाणी गोठून घट्ट होते तो बर्फ. ध्रुवप्रदेशात समुद्राचे पाणी थंडीने गोठते. त्याचा जो विस्तीर्ण थर पाण्यावर तरंगत राहतो, तो सागरी बर्फ. या बर्फावर वरून हिम पडते आणि त्याचे एक पांघरूण तयार होते. आज मला बोलावयाचे आहे ते या पांघरुणाविषयी, आणि विशेषेकरून ते एकीकडून ओढून दुसरीकडे नेणाऱ्या वाऱ्याविषयी.

एवढ्या लांबच्या हिमाची विचारपूस आपण का करावी, असा प्रश्न मनात येईल. त्याचे उत्तर या बर्फाच्या विस्तारातच आहे. हिवाळा सरता सरता उत्तर ध्रुवाभोवतीचा सागरी बर्फ दीड कोटी चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरलेला असतो. म्हणजे भारताएवढे चार देश त्यावर मावून वर जागा उरेल. दक्षिणेकडे अंटार्क्टिका खंडाभोवती हाच विस्तार सप्टेंबरच्या सुमारास पावणेदोन कोटींच्या घरात जातो, आणि फेब्रुवारीपर्यंत त्यातला फार थोडा भाग शिल्लक उरतो. सूर्याकडून आलेली उष्णता पृथ्वीने किती ठेवून घ्यायची आणि किती परत धाडायची, या जमाखर्चात एवढ्या मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागाला केवढे महत्त्व असेल याची आपण कल्पना करू शकता. आणि हा बर्फ जाड होणार की पातळच राहणार, हे पुष्कळ अंशी त्याच्या अंगावरच्या हिमाच्या हाती आहे.

ते कसे, हे पाहू. समुद्राचे खारे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. वर एकदा पापुद्रा धरला की बर्फाची पुढची वाढ मुख्यतः खालच्या बाजूने होते. वर हवा उणे तीस अंशांवर आणि खाली पाणी उणे पावणेदोन अंशांवर, अशी स्थिती असली म्हणजे मधल्या बर्फातून उष्णता वर जात राहते. जितकी उष्णता निसटेल तितके तळचे पाणी गोठते आणि बर्फाला खालून चिकटते. या व्यवहारात हिम मध्ये येऊन बसले म्हणजे काय होते? हिमाच्या कणाकणांमध्ये हवा कोंडलेली असते, आणि हवा ही उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत मोठी कृपण. वाऱ्याने दाबून घट्ट केलेले हिमसुद्धा बर्फाच्या मानाने सहाव्या-सातव्या हिश्शाइतकीच उष्णता पलीकडे जाऊ देते. म्हणजे हिमाचा तीस सेंटिमीटरांचा थर हा उष्णता अडविण्याच्या कामी सुमारे दोन मीटर जाडीच्या बर्फाच्या तोडीचा ठरतो. आपली गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. हिमाचे कामही तेच. समुद्राच्या अंगावरची ही गोधडी जितकी जाड, तितका हिवाळ्यात बर्फ कमी वाढतो.

परंतु वसंत उजाडला, सूर्य क्षितिजावर आला, की हेच हिम आपली बाजू बदलते. कोरडे, ताजे हिम आपल्यावर पडलेल्या शंभर भाग प्रकाशापैकी ऐंशीहून अधिक भाग परत फेकते. उघडा बर्फ पन्नास ते सत्तर भाग परतवितो, आणि उघडे समुद्रजल जेमतेम सहा-सात. तेव्हा हिवाळ्यात ज्याने बर्फाच्या वाढीला आडकाठी केली, तेच हिम उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या वितळण्याला आडकाठी करते. त्याला बर्फाचा मित्र म्हणावे की शत्रू, हे ऋतूवर अवलंबून आहे. तसेच ते कोठे किती साचले आहे यावरही अवलंबून आहे. आणि येथेच वाऱ्याचा प्रवेश होतो.

आता, उत्तर ध्रुवसमुद्रावर हिम साचते तरी किती? अनेकांची समजूत अशी असते की तेथे डोक्याएवढे थर असावेत. वस्तुस्थिती निराळी आहे. ध्रुवप्रदेश हा एका अर्थी थंड वाळवंटच होय. तेथील हवेत बाष्प फार थोडे. रशियन शास्त्रज्ञांनी या बाबतीत जे परिश्रम केले त्यांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. १९३७ साली इव्हान पापानिन आणि त्यांचे तीन सहकारी उत्तर ध्रुवाजवळ एका तरंगत्या बर्फाच्या तुकड्यावर उतरले, आणि त्या तुकड्याबरोबर वाहत जात त्यांनी १९३८ च्या फेब्रुवारीपर्यंत निरीक्षणे केली. पुढे १९५४ ते १९९१ या काळात अशी तरंगती ठाणी जवळजवळ अखंड चालू राहिली. तेथील माणसे ठरावीक रेषेवर चालत जात आणि दर दहा मीटरांवर हिमात मोजपट्टी रोवून त्याची खोली टिपून ठेवीत. त्या हजारो नोंदींतून निघालेले उत्तर असे की, मे महिन्यात, म्हणजे हिम सर्वाधिक साचलेले असते तेव्हा, जुन्या बर्फावर त्याची सरासरी खोली चौतीस-पस्तीस सेंटिमीटरांच्या आसपास भरते. १९९७-९८ साली कॅनडाचे एक बर्फफोडे जहाज बोफर्ट समुद्राच्या बाजूला वर्षभर मुद्दाम बर्फात अडकवून ठेवण्यात आले होते. त्याच्याभोवती केलेल्या मोजणीतही हिवाळ्याअखेरची सरासरी अशीच, चौतीस सेंटिमीटरांच्या जवळ आली. आपल्या मापाने सांगायचे तर दीड वीत!

पण श्रोतेहो, सरासरी ही मोठी फसवी वस्तू आहे. या दीड वितीच्या पांघरुणाकडे जवळ जाऊन पाहिले तर काय दिसते? एके ठिकाणी बर्फ जवळजवळ उघडा पडलेला, त्यावर चार बोटांचाही थर नाही. आणि तेथून पंचवीस-तीस पावलांवर, बर्फाच्या उंच बांधाच्या आडोशाला, कमरेपर्यंत पाय रुतेल एवढी रास. आकाशाने दोन्ही ठिकाणी सारखेच हिम टाकले होते. मग ही विषम वाटणी केली कोणी? वाऱ्याने.

वाऱ्याचे हे काम कसे चालते ते पाहण्याजोगे आहे. खळ्यावर उफणणी चाललेली आपण पाहिली असेल. टोपलीतून धान्य खाली सोडतात. जड दाणा पायाशी पडतो आणि हलका भुसा वाऱ्याबरोबर दूर जातो. हिमाच्या बाबतीत मात्र वारा जमिनीवर पडून गेलेला माल पुन्हा उचलतो. त्यासाठी त्याला ठरावीक जोर लागतो. कोरड्या, थंड हिमावर वाऱ्याचा वेग सेकंदाला सात-आठ मीटर, म्हणजे ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरांच्या आसपास गेला, की कण हलू लागतात. हिम ओलसर असेल, किंवा पडून बरेच दिवस झाल्याने कण एकमेकांस घट्ट धरून बसले असतील, तर याहूनही मोठा वेग लागतो. प्रथम काही कण पृष्ठभागावरून घरंगळतात. मग काही कण उड्या मारू लागतात. प्रत्येक उडी काही सेंटिमीटरांचीच, पण खाली पडताना तो कण दुसऱ्या चार कणांना धक्का देऊन जागे करतो. वारा आणखी वाढला की बारीक कण हवेत तरंगू लागतात, माणसाच्या डोक्यावरून जातात, आणि मग आकाश कोठे संपले आणि बर्फ कोठे सुरू झाला हे समजेनासे होते. वर आकाश निरभ्र असताही खाली असे हिमवादळ चालू असू शकते.

या प्रवासात हिमाचा कण पहिल्यासारखा राहत नाही. आकाशातून उतरताना त्याला सहा नाजूक पाकळ्या असतात. उड्या मारता मारता त्या मोडतात आणि उरतो तो बारीक, गोलसर दाणा. हे दाणे जेथे थांबतात तेथे एकमेकांना खेटून बसतात, आणि थोड्याच अवधीत त्यांच्या स्पर्शाच्या जागा जुळून जातात. ताज्या हिमाचे वजन घनमीटरला पन्नास ते शंभर किलोग्रॅम असते. वाऱ्याने थापलेल्या हिमाचे तीनशे ते चारशेपर्यंत जाते. त्यावरून माणूस चालला तर पुष्कळदा पाऊलही उमटत नाही. अशा घट्ट थराला वारा पुन्हा खालून कोरतो आणि त्याच्या धारदार, लाटांसारख्या कंगोऱ्यांच्या रांगा उभ्या राहतात. या कंगोऱ्यांना रशियन भाषेतून आलेले 'सास्त्रुगी' हे नाव जगभर रूढ आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील इग्लूलिक या भागातील इन्युइट लोकांनी तर या वाऱ्याच्या लिपीचा उपयोग वाट शोधण्यासाठी केला. तेथे वायव्येच्या बाजूने येणारा जो प्रबळ वारा आहे, तो जिभेच्या आकाराचे हिमाचे उंचवटे तयार करतो. त्यांना ते 'उकालुराइत' म्हणतात. ती जीभ एकदा थिजली की इतर दिशांच्या हलक्या वाऱ्यांनी ती सहसा पुसली जात नाही. धुक्यात, अंधारात, किनारा दिसत नसताना स्लेज हाकणारा माणूस या उंचवट्यांशी आपल्या वाटेचा कोन जुळवून घेई आणि घरी पोहोचे.

उचललेले हिम शेवटी जाते कोठे? त्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली, आडोशाची. सागरी बर्फाचे तुकडे एकमेकांवर आदळून त्यांच्या शिवेवर बर्फाचे बांध उभे राहतात, कधी माणसाच्या उंचीचे, कधी त्याहूनही उंच. बांधाशी वाऱ्याचा वेग मंदावतो आणि हातातले ओझे तो तेथेच टाकून देतो. सपाट बर्फावरचे हिम असे बांधांच्या कुशीत जाऊन साठते. दुसरी वाट हवेची. उडणाऱ्या कणाभोवती कोरडी हवा सतत वाहत असल्यामुळे त्याचे पाणी न होता सरळ बाष्प होते. याला संप्लवन म्हणतात. तिसरी वाट समुद्राची. बर्फाचा थर अखंड नसतो. वारा आणि प्रवाह यांच्या ओढाताणीत त्यात लांबच लांब भेगा पडतात आणि काळे पाणी उघडे होते. वाऱ्याबरोबर धावणारे हिम अशा भेगेपाशी आले की थेट पाण्यात पडते. ते आकाशातून पडले होते हे खरे. पण बर्फाच्या पांघरुणात त्याचा एक धागाही लागत नाही.

हे नुकसान किरकोळ आहे असे मात्र समजू नये. अंटार्क्टिकाभोवतीचा वारा जगातील अत्यंत प्रबळ वाऱ्यांपैकी आहे आणि तेथील बर्फ सतत फाटत असतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेलिंग्जहाउसेन समुद्रावरील मोजणीच्या आधारे असा अंदाज मांडला गेला की, दक्षिणेकडील सागरी बर्फाच्या पट्ट्यात पडणाऱ्या हिमापैकी निम्म्याहून अधिक हिम बर्फावर हिम म्हणून टिकतच नसावे. भेगांतील पाणी, संप्लवन आणि हिमाचेच बर्फात होणारे रूपांतर ही तिन्ही कारणे त्यात धरलेली होती.

यांतील शेवटचे कारण मोठे मौजेचे आहे. बर्फ पाण्यावर तरंगतो तो होडीसारखा. होडीत ओझे वाढले की ती खाली बसते. हिमाची खोली बर्फाच्या जाडीच्या सुमारे एक-तृतीयांशाहून अधिक झाली की बर्फाचा वरचा पृष्ठभागच समुद्रसपाटीच्या खाली दाबला जातो. मग फटींतून खारे पाणी वर येते, हिमाचा तळ भिजतो, आणि तो भिजलेला रेंदा गोठून बर्फाचा नवा थर बनतो. अशा रीतीने बर्फ खालून न वाढता वरून वाढतो. अंटार्क्टिकाकडे हे नेहमी घडते. म्हणजे वाऱ्याने एखाद्या ठिकाणी हिमाची रास घातली तर तेथे बर्फाच्या वाढीची दिशाच उलटू शकते.

आता मी आपल्यापुढे एक लहानसा हिशेब ठेवतो, कारण आजच्या विषयाचे मर्म त्यात आहे. एक मीटर जाडीचा बर्फ घ्या आणि त्यावर सर्वत्र सारखे तीस सेंटिमीटर हिम अंथरा. त्यातून ठरावीक उष्णता वर जाईल. आता हिमाचा एक कणही कमी न करता त्याची वाटणी बदला. अर्ध्या भागावर दहा सेंटिमीटर आणि अर्ध्या भागावर पन्नास. सरासरी पुन्हा तीसच. पण उष्णता? पातळ भागातून ती इतकी अधिक निसटते की जाड भागाने केलेली बचत तिला पुरी पडत नाही. बर्फ आणि हिम यांची नेहमीची उष्णतावाहकता धरून साधा हिशेब केला तर एकूण उष्णता जवळजवळ सव्वापट जाते. म्हणजे हिम तेवढेच, बर्फ तोच, थंडी तीच. फरक केवळ वाटणीचा. ही गोष्ट घरातल्या अनुभवाशीही जुळते. गोधडी कितीही जाड असली, तरी एका बाजूने ती विरलेली असेल तर थंडी वाजायची ती वाजतेच. म्हणून ध्रुवसमुद्रावर सरासरी इतके इतके हिम आहे, एवढे सांगून भागत नाही. ते कसे पसरले आहे हे सांगितल्यावाचून बर्फ किती वाढणार हे सांगता येत नाही.

वाऱ्याने हिवाळ्यात केलेल्या या वाटणीचा हिशेब उन्हाळ्यात पुरा होतो. जून महिन्यात हिम वितळू लागले की पाणी सखल जागी उतरते. सपाट, नव्या बर्फावर या सखल जागा म्हणजे हिमाच्या उंचवट्यांमधील पातळ पट्टेच असतात. तेथे निळसर पाण्याची तळी साठतात. ही तळी हिमाच्या मानाने कितीतरी कमी प्रकाश परत फेकतात, उष्णता पिऊन घेतात आणि आपल्या खालचा बर्फ आणखी झिजवितात. डिसेंबर-जानेवारीच्या काळोखात एखाद्या वादळाने हिम कोठे नेऊन ठेवले, यावर जूनमध्ये बर्फाला कोठे भोके पडावीत हे ठरत असते.

आणि केवळ बर्फाचेच नव्हे, तर एका मुक्या प्राण्याचेही भवितव्य त्यावर ठरते. उत्तरेकडील समुद्रात राहणारी, अंगावर कड्यांसारखे ठिपके असणारी सील मासा नव्हे. ती सस्तन प्राणी आहे, आणि तिला श्वासासाठी बर्फात छिद्र राखावे लागते. वसंताच्या प्रारंभी ती आपल्या पिल्लासाठी घर करते ते बर्फात नव्हे, तर बर्फावरच्या हिमात. खालच्या छिद्रातून वर येऊन ती हिमाच्या राशीत पोकळी कोरते. बाहेरच्या माणसाला तेथे काही असल्याचा पत्ताही लागत नाही. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला या छपराखाली थंडीपासून आसरा मिळतो, आणि पांढऱ्या अस्वलापासून व कोल्ह्यापासून काही अंशी संरक्षणही. पण अशा घरासाठी अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक खोल हिम हवे. सरासरी दीड वितीच्या हिमात ते मिळणार नाही! ते मिळते फक्त बांधांच्या आडोशाला, जेथे वाऱ्याने रास रचलेली असते. वाऱ्याने ही विषम वाटणी केली नसती तर या सीलमातेला आसऱ्याची जागाच उरली नसती. २०१२ साली अमेरिकेच्या शासनाने या सीलच्या ध्रुवसमुद्रातील जातीला धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घातले, तेव्हा बर्फाच्या घटीबरोबर हिमाची घट हेही एक मोठे कारण म्हणून मानले गेले.

मग आज हे पांघरूण कसे आहे? त्याची घट दिसून आलेली आहे. जुन्या रशियन नोंदींची २००९ ते २०१३ या काळात विमानातून केलेल्या मोजणीशी तुलना करणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार उत्तर ध्रुवसमुद्राच्या पश्चिम भागात वसंतातील हिमाची खोली सुमारे पस्तीस सेंटिमीटरांवरून बावीसवर आली. बोफर्ट आणि चुक्ची या समुद्रांवर ती तेहतीसवरून पंधराच्याही किंचित खाली उतरली. येथे कारण वाऱ्याचे नसून वेळेचे आहे. उत्तरेकडे हिमाचा मोठा वाटा शरद ऋतूत पडतो. पूर्वी त्या वेळी समुद्र गोठलेला असे. आता तो उशिरा गोठतो, आणि प्रारंभीचे हिम झेलायला खाली बर्फच नसतो. ते उघड्या पाण्यात पडून जाते.

यावर कोणी म्हणेल, हिम कमी झाले तर बरेच झाले, हिवाळ्यात बर्फ अधिक वाढेल! हे बोलणे अगदीच खोटे नाही. पण तेच पातळ पांघरूण वसंतात लवकर संपते, तळी लवकर साठतात आणि सीलच्या घराचे छप्पर पिल्लू मोठे होण्यापूर्वीच कोसळते. नफा आणि तोटा यांची बेरीज करावयाची तर हिम कोठे आणि किती आहे हे आधी ठाऊक हवे. फिरून आपण त्याच प्रश्नावर येतो.

आपण म्हणाल, आज आकाशात इतके उपग्रह फिरत आहेत, त्यांना हे सहज दिसत असेल. दिसते ते बर्फाचे क्षेत्रफळ. त्याची जाडी उपग्रहाला दिसत नाही. ती हिशेबाने काढावी लागते. तरंगत्या बर्फाचा फार थोडा हिस्सा पाण्याच्या वर असतो. २०१८ साली अमेरिकेने सोडलेला 'आइससॅट-२' हा उपग्रह लेसर किरणांनी या वरच्या हिश्शाची उंची मोजतो आणि त्यावरून एकूण जाडीचा अंदाज बांधला जातो. पण लेसर किरण परततो तो हिमाच्या पृष्ठभागावरून. त्या उंचीत हिम किती आणि बर्फ किती, हे त्याला सांगता येत नाही. हिमाचा अंदाज अवघ्या दहा सेंटिमीटरांनी चुकला तर बर्फाच्या जाडीचा अंदाज साठ सेंटिमीटरांच्या आसपास चुकतो. ज्या बर्फाची जाडी दीड मीटर असावी त्यात साठ सेंटिमीटरांची चूक! युरोपचा 'क्रायोसॅट-२' हा २०१० पासूनचा उपग्रह रडारच्या लहरी वापरतो. त्या हिमातून आरपार जाऊन बर्फावरून परततात असे मानले जाते. २०२० च्या जुलैमध्ये त्याची कक्षा मुद्दाम बदलण्यात आली, ती अशासाठी की दोन्ही उपग्रहांनी एकच पट्टा थोड्या अवधीच्या अंतराने पाहावा आणि दोहोंच्या मापांतील फरकावरून हिमाची खोली काढता यावी. युक्ती नामी आहे. परंतु वाऱ्याने थापलेला घट्ट थर आणि तळाशी चढलेले मीठ यांमुळे रडारची लहर पुष्कळदा मध्येच अडते. वारा येथेही हिशेबात ढवळाढवळ करतोच.

म्हणून अजूनही माणसाला तेथे पायी जावे लागते. २०१९ च्या ऑक्टोबरात 'पोलरस्टर्न' हे जर्मन जहाज एका बर्फाच्या तुकड्याला बांधून वीस देशांच्या शास्त्रज्ञांनी जवळजवळ वर्षभर ध्रुवसमुद्रावर वाहत जात निरीक्षणे केली. त्यांच्याजवळ अत्याधुनिक यंत्रे होती; पण हिमाची खोली मोजण्याचे मुख्य साधन एक दांडाच होता. तो हिमात रोवला की त्यावरची सरकती चकती पृष्ठभागावर टेकते आणि खोली व जागा दोन्ही आपोआप नोंदली जातात. ध्रुवीय रात्रीच्या काळोखात, कपाळावर दिवा बांधून, तीच तीच वाट पुनःपुन्हा चालून त्यांनी या नोंदी केल्या. तेथे एक जुनी अडचणही होतीच. पर्जन्यमापकासारख्या पात्रात जमलेले हिम आकाशातून पडले की शेजारच्या बर्फावरून वाऱ्याने उडून आले, हे पात्राला कळत नाही. याच मोहिमेतील नोंदींवरून २०२३ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. सागरी बर्फावरचे हिम किंचित खारट असते. ते उडता उडता बाष्प होऊन गेले की मागे मिठाचे अतिसूक्ष्म कण हवेत राहतात आणि ढग तयार होण्यास हातभार लावतात. म्हणजे वारा नुसते हिम वाटून थांबत नाही. वरच्या ढगांच्या घडणीतही त्याचा हात आहे.

या साऱ्याशी आपला काहीच संबंध नाही असे मात्र नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली निघाली ती गोव्याहूनच. ध्रुवप्रदेशांच्या अभ्यासाचे आपले राष्ट्रीय केंद्रही गोव्यातच, वास्को येथे आहे. मोहिमेनंतर १९८३-८४ मध्ये उभारलेले 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले ठाणे किनाऱ्याच्या जाड हिमफळीवर होते; सागरी बर्फावर नव्हे. पण वाऱ्याचा कायदा दोन्हीकडे एकच. इमारतीचा आडोसा मिळाला की वारा तेथे ओझे टाकणारच. काही वर्षांतच ते ठाणे हिमाखाली गाडले गेले आणि १९९० साली सोडून द्यावे लागले. पुढचे 'मैत्री' खडकावर बांधले, आणि २०१२ चे 'भारती' तर खांबांवर उचलून घेतले आहे, म्हणजे वाऱ्याला खालून वाट मिळावी. सीलमातेला जी रास आसरा देते, तीच माणसाचे घर गाडते.

श्रोतेहो, ध्रुवसमुद्रावरील बर्फ घटतो आहे हे आता निश्चित झाले आहे. २०१२ च्या सप्टेंबरात उत्तरेकडील त्याचे क्षेत्र चौतीस लाख चौरस किलोमीटरांपर्यंत खाली आले होते. उपग्रहांच्या नोंदींतील तो आजवरचा नीचांक आहे. परंतु उरलेला बर्फ किती जाड आहे आणि तो किती काळ टिकेल, याचे उत्तर त्याच्यावरील दीड वीत हिमाच्या वाटणीत दडलेले आहे. ते हिम प्रत्येक वादळात आपली जागा बदलते. म्हणून त्याच्या मागे पुनःपुन्हा जावे लागते, दांडा रोवावा लागतो, आकडा टिपावा लागतो, आणि पुढचे वादळ येऊन गेले की तेच काम पहिल्यापासून करावे लागते. ज्यांनी १९३७ पासून हे काम केले आणि जे आजही करीत आहेत, त्यांच्या कष्टांमुळेच आपण या प्रश्नाविषयी इतके तरी खात्रीने बोलू शकतो.